टपोरे डोळे आणि काचबिंदू

“बाळाचे डोळे किती टपोरे!” असे कौतुक भिवंडीत कानावर आले की मी आधी विचारतो, डोळ्यांतून पाणी गळते का? उजेडात बाळ डोळे मिटून घेते का? तसे असेल तर दृष्ट काढत बसू नये. काचबिंदूची तपासणी तातडीने करावी.

काचबिंदूत डोळ्यातील दाबामुळे दृष्टीच्या नसेच्या तोंडाशी असलेला खळगा वाढतो. प्रौढांत झालेले नुकसान सहसा भरून येत नाही. तान्ह्या बाळाच्या नसेचा आधार लवचीक असल्याने, वेळीच शस्त्रक्रिया होऊन दाब उतरला तर खळगा पुन्हा लहान होऊ शकतो. तिथली दिरंगाई मला अक्षम्य वाटते.

शाळकरी मुलाचा नुसता खळगा मोठा दिसला, तर मात्र जन्मभराचे थेंब घाईने सुरू करू नयेत. काहींची नसच जन्मतः मोठी असते; आईवडिलांचीही तपासावी. शिवाय नस मोजणाऱ्या यंत्रातले मापदंड बहुधा प्रौढांचे असतात!