ठणक्यापेक्षा घामाकडे बघा

मैत्रिणींनो, उन्हाळा सरत आला, पहिला पाऊस पडला, की विंचवाचे दिवस आलेच म्हणून समजा. गोवऱ्यांचा ढीग, सरपण, परसातली जुनी कौलं, कोपऱ्यातल्या चपला... त्याला लपायला आपल्या घरात जागा भरपूर! आमच्या गोरेगावात (मुंबईचं नव्हे हं, हिंगोलीचं) कुणाला विंचू चावला, की बायाबापड्या आधी विचारतात, "किती ठणकतंय गं?" पण खरा प्रश्न निराळाच आहे, आणि तो आपल्या मराठवाड्याच्याच एका डॉक्टरांनी जगाला शिकवला.

हे डॉक्टर म्हणजे हिम्मतराव बावस्कर. भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे. परिस्थिती बेताची. नागपूरला एम.बी.बी.एस. झाले आणि १९७६ साली कोकणात, महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे लाल विंचवाच्या दंशानं धडधाकट माणसं, लहान मुलं दगावत होती. तेव्हा त्यावर खात्रीचा उपाय नव्हता. डॉक्टर रोग्याच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास टिपत राहिले. पुढे पुण्याला मेडिसिनचे एम.डी. झाले, पण पुन्हा महाडलाच परतले.

त्यांना दिसलं ते असं : ह्या विषानं रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो, मग ते थकतं आणि फुफ्फुसात पाणी साठतं. १९८२ साली लंडनच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकानं ही धोक्याची लक्षणं छापली. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध इथे कामी येतं, हे १९८६ साली त्यांनी तिथेच मांडलं. पूर्वी गंभीर दंशात शंभरातले तीसेक रोगी जात; वेळेवर हे औषध मिळू लागल्यावर तो आकडा चारच्याही खाली आला. पत्नी डॉ. प्रमोदिनी ह्या संशोधनात बरोबरीनं होत्या. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलं तर रोगी लवकर सावरतो, हे दोघांनी २०११ मध्ये दाखवलं. २०२२ साली बावस्करांना पद्मश्री मिळाली.

मी शाळेत शिकवते, म्हणून म्हणते, शिकवायला फळा आणि वर्गच लागतो असं नाही. महाडच्या खाटेवर टिपलेलं वाचून कितीतरी खेड्यांतले डॉक्टर शहाणे झाले.

आता आपण काय करायचं? नुसतंच ठणकत असेल तर बहुधा धोका कमी. पण दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, धाप ह्यांतलं काही दिसलं, की एक क्षणही घालवू नका. लहान मुलाला तर लक्षणांची वाट न पाहता दवाखान्यात न्या. आवळून बांधणं, ब्लेडनं कापणं, चटका देणं नको. मांत्रिकाच्या दारात तर वेळ घालवूच नका. प्राझोसिन मनानं देऊ नका. रक्तदाब एकदम उतरतो, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

अंथरूण भिंतीपासून दूर घाला. चपला झटकून घाला. रात्री सरपणात हात घालण्याआधी बॅटरी लावा. आणि जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात रात्री डॉक्टर असतात, हे आजच विचारून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पुढच्या अंकात बघू, साठवणीच्या डाळींना पावसाळ्यात कीड कशी लागू द्यायची नाही ते.