कराचा आकडा आणि कुटुंबाचा बोजा

प्रगत देशांच्या सरकारी जमाखर्चाचे तक्ते पुढे करून एक युक्तिवाद वारंवार मांडला जातो. २०१७ साली फ्रान्सच्या सरकारने सामाजिक सुरक्षेवर देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ३१ टक्के खर्च केला. अमेरिकेत हे प्रमाण जेमतेम १९ टक्के होते. तेव्हा फ्रेंच नागरिक बोज्याखाली दबलेला आणि अमेरिकन नागरिक मोकळा, असे सांगितले जाते. आकडे खरे आहेत. निष्कर्ष मात्र खरा नाही.

कोणती रक्कम सरकारी खात्यात पडते, हे पुष्कळदा केवळ व्यवस्थेवर अवलंबून असते. स्वित्झर्लंडमध्ये १९९६ पासून आरोग्यविमा सक्तीचा आहे. परंतु हप्ता विमा कंपनीकडे जातो, म्हणून तो करांत धरला जात नाही. तोच पैसा खजिन्यात गेला असता तर कर ठरला असता. डेन्मार्क निवृत्तिवेतन व बेकारभत्ता देते आणि त्यावर आयकरही घेते. साहजिकच तेथील खर्चाचा आकडा फुगलेला दिसतो. उलट, अमेरिकेत मालकाने भरलेल्या आरोग्यविम्याच्या हप्त्यावर कामगाराला आयकर लागत नाही. सरकारने सोडून दिलेला हा कर खर्चाच्या रकान्यात कोठेच दिसत नाही, आणि त्याचा मोठा लाभ वरच्या पगारदारांना मिळतो.

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने खाजगी सामाजिक खर्च मिळवून आणि करांची वजावट करून २०१७ चाच हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा अमेरिकेचा आकडा ३० टक्क्यांच्या आसपास गेला आणि ती फ्रान्सच्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकावर आली! म्हणजे बोजा नाहीसा झालेला नव्हता. तो सरकारी वहीतून कुटुंबाच्या आणि मालकाच्या वहीत गेला होता.

खाजगी खर्च ऐच्छिक असतो, असा आक्षेप यावर घेतला जाईल. परंतु ज्याचा विमा नोकरीला बांधलेला आहे, त्याची इच्छा ती कितीशी? त्याच वर्षी अमेरिकेत सुमारे २ कोटी ८० लाख लोक विम्याविना होते, आणि फ्रेंच माणसाचे सरासरी आयुर्मान अमेरिकन माणसापेक्षा सुमारे चार वर्षांनी अधिक होते.

म्हणून सरकार किती खर्च करते, एवढ्यावर तुलना थांबवून चालणार नाही. पैसे कोण भरतो, ऐपतीप्रमाणे भरतो की आजाराप्रमाणे, आणि दाराबाहेर कोण उरतो, हे प्रश्न प्रत्येक तक्त्याला विचारले पाहिजेत. कल्याणकारी राज्य परवडत नाही असे सांगणाऱ्यांनी, त्याच्या अभावाची किंमत कोण मोजतो, हेही सांगावे.