रक्तातली साखर आणि रस्त्यावरचे तास

घोडबंदर रोडवरच्या कोणत्याही गृहसंकुलात संध्याकाळी बाकावर बसलेल्या मंडळींचे बोलणे ऐकावे. विषय फिरून फिरून तिनांवरच येतो: पाण्याचा टँकर, गायमुखच्या घाटातली कोंडी आणि रक्ततपासणीचे रिपोर्ट. पहिल्या दोहोंचा दोष आपण मोकळेपणाने दुसऱ्यांवर ठेवतो. तिसऱ्याचा मात्र निमूटपणे स्वतःच्या जिभेवर घेतो. ‘गोड खाल्लेत, आता भोगा,’ असा निकाल देऊन घरचेही मोकळे होतात. हा निकाल वाटतो तितका सरळ नाही.

आपल्या शरीरात निरोप पाठवण्याच्या दोन सोयी आहेत. एक मज्जातंतूंची, म्हणजे तारेची. दुसरी रक्तातून जाणारी, टपालाची. ही दुसरी सोय १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी दाखवून दिली. आतड्याकडे जाणारे मज्जातंतू तोडले, तरी आतड्यात आम्ल पोहोचताच स्वादुपिंडातून पाचकरस वाहू लागला. निरोप रक्तातूनच गेला होता. १९०५ मध्ये स्टार्लिंगने अशा द्रव्यांसाठी ‘हार्मोन’ हा शब्द वापरला. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ चेतवणे. आपला ‘संप्रेरक’ हा शब्दही तेच सांगतो.

या टपालखात्याची शिस्त माझ्यासारख्या बँकेत हयात घालवलेल्या माणसाला चटकन ओळखीची वाटते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका हे जणू विभागीय कार्यालय; गळ्यातली थायरॉइड ही शाखा. शाखेचे काम मंदावले की वरून स्मरणपत्रे वाढतात. रिपोर्टातला ‘टीएसएच’ म्हणजे हीच स्मरणपत्रे. म्हणूनच तो आकडा वाढला, तर बहुधा थायरॉइड मंदावलेली असते, जोरात चाललेली नसते. काम पुरेसे झाले की रक्तातले थायरॉइडचे संप्रेरकच वर कळवते, ‘आता पुरे.’ आपली बहुतेक संप्रेरके अशाच हुकूम आणि उलटटपालाच्या तोलावर चालतात.

इन्शुलिनकडे खजिनदारी आहे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर ते स्नायूंच्या पेशींत पोचवते, थोडी यकृतात चालू खात्यात ठेवते, उरलेली चरबीच्या रूपाने मुदतठेवीत टाकते. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले आणि मरणाच्या दारातली मुले परत येऊ लागली. पण आपल्याकडच्या बहुसंख्य मधुमेह्यांची कथा वेगळी आहे. त्यांच्याकडे सुरुवातीला इन्शुलिन असते. पेशी त्याला दाद देत नाहीत. स्वादुपिंड जादा पाळी करते, आणि वर्षानुवर्षांच्या ओव्हरटाइमने थकते.

पेशी दाद का देत नाहीत, याचा शोध आपल्या पुण्यातही घेतला गेला आहे. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि त्यांची मुले यांचा अभ्यास हाती घेतला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हातापायांनी, पोटाने लहान. पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने कमी झालेली नव्हती. दिसायला कृश, आतून मेदयुक्त. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र छापले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के!

म्हणजे मधुमेहाचा पाया काही अंशी आईच्या पोटातच, तिच्या ताटात काय पडले यावर घातला जातो. अशा पिढीला आपण शेतातून, पायवाटांवरून उचलले आणि मोटारीच्या सीटवर आणून बसवले.

आता आपला रस्ता पाहा. मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळे ही काल-परवापर्यंत गावे होती. आज तिथे मनोरे आहेत आणि अवजड वाहनांच्या रांगा आहेत. कोंडीत अडकलेल्या माणसाचे शरीर वाघ दिसल्यासारखे वागते. अ‍ॅड्रिनॅलिन उसळते, पाठोपाठ कॉर्टिसॉल येते, आणि यकृत पळण्यासाठी साखर रक्तात सोडते. पण पळायचे कुठे? पुढे ट्रक, मागे ट्रक. ती साखर वापरलीच जात नाही, आणि कॉर्टिसॉल इन्शुलिनचा प्रभाव आणखी कमी करते. रात्री उशिरा घरी, मग उशिरा जेवण. अंधार पडल्यावर मेलॅटोनिन स्रवते; प्रखर दिवे आणि पडदे ते दाबून टाकतात. झोप तुटली की दुसऱ्या दिवशी पेशी इन्शुलिनला आणखी कमी जुमानतात.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख मधुमेही आहेत आणि १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर आहेत. एवढ्या माणसांच्या जिभा एकाच वेळी बेताल झाल्या, असे मानायला मी तयार नाही.

पथ्य सोडा, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. चालणारा स्नायू इन्शुलिनची फारशी मदत न घेताही साखर ओढून घेतो. जेवणानंतरची पंधरा मिनिटांची शतपावली म्हणूनच मोलाची. बारीक माणसानेही कमरेचा घेर मोजावा आणि साखर तपासावी. पण शतपावलीला पदपथ लागतो. झोपेला शांत रात्र लागते. मुलांच्या स्नायूंना मैदान लागते आणि उद्याच्या बाळांना आजच्या मुलींचे भरलेले ताट लागते. या गोष्टी कोणत्याही गोळीच्या पाकिटात मिळत नाहीत. त्या नगररचनेच्या नकाशात, शाळेच्या वेळापत्रकात आणि घरातल्या वाढपात असतात.

तेव्हा पदपथ, अवजड वाहनांच्या वेळा आणि मैदाने यांची मागणी करताना ती केवळ सोयीची मागणी समजू नये. ती आरोग्याची मागणी आहे, आणि औषधांच्या बिलाइतकीच निकडीची. मते मागायला येणाऱ्यांपुढे यापुढे आपण आपले रिपोर्टही ठेवायला हवेत.