सेवेहून परतलेल्यांसाठी आहारशास्त्राची शिष्यवृत्ती : आपण काय घ्यावे?

अमेरिकेत एक प्रथा आहे, तिच्याकडे आमच्या व्यवसायाचे लक्ष जावे असे आम्हांस वाटते. परदेशात दोन वर्षे सेवा करून परतलेल्या स्वयंसेवकांना तेथील विद्यापीठे पदव्युत्तर शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देतात. तीत आहार व पोषण, सार्वजनिक आरोग्य यांसारखे विषयही येतात.

ही प्रथा पीस कोअर या सेवासंस्थेशी जोडलेली आहे. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी १९६१ मध्ये ती स्थापन केली. तिचा स्वयंसेवक प्रशिक्षणासह सुमारे २७ महिने परदेशातील खेड्यात वा वस्तीत स्थानिक लोकांमध्ये राहतो. भारतातही हे स्वयंसेवक १९६१ पासून १९७६ पर्यंत येत असत. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर यांनी वयाच्या ६८ व्या वर्षी मुंबईच्या विक्रोळीत परिचारिका म्हणून अशीच सेवा केली होती, हे जुन्या पिढीतील काही वाचकांना आठवत असेल.

अशा स्वयंसेवकांसाठी १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजने शिष्यवृत्तीची योजना प्रथम सुरू केली. आरंभी ती शिक्षकांपुरती होती. आज संस्थेचे माजी संचालक पॉल कव्हरडेल यांच्या नावाने ती शंभराहून अधिक विद्यापीठांत चालते. शुल्कात किती सूट द्यावी, विद्यावेतन द्यावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे. प्रवेश मात्र गुणवत्तेवरच मिळवावा लागतो. सेवा संपून कितीही वर्षे लोटली तरी पात्रता संपत नाही. एक अट मात्र सर्वांना आहे : शिकत असताना शिष्यवृत्तीधारकाने आपल्याच देशातील एखाद्या उपेक्षित वस्तीत काम केले पाहिजे.

आहारशास्त्रात या साहाय्याचे मोल अलीकडे वाढले आहे. १ जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत नोंदणीकृत आहारतज्ज्ञाच्या परीक्षेस बसण्यासाठी पदव्युत्तर पदवी आवश्यक झाली. ज्याने आफ्रिकेतील खेड्यात मातांबरोबर परसबाग केली, पण ज्याच्या खिशात शुल्काचे पैसे नाहीत, त्याच्यासाठी शिष्यवृत्ती नसेल तर हा मार्ग बंदच होतो.

वैद्यबंधूंनो, आता आपल्याकडे वळू. मेळघाट, गडचिरोली, नंदुरबार, पालघर या भागांत नवसंजीवनी योजनेच्या भरारी पथकांत मानधनावर राबणारे डॉक्टर बहुतांशी आयुर्वेद पदवीधर आहेत. पावसाळ्यात पाड्यापाड्यांवर जाऊन बालकांचे वजन घेणे, दंडघेर मोजणे, गरोदर मातेला समजावून दवाखान्यात नेणे, ही कामे त्यांनी केली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालके खुरटलेली व ३६ टक्के कमी वजनाची आढळली. त्यापूर्वीच्या फेरीतील आकडे जवळजवळ हेच होते. या आकड्यांमागील घरे ज्यांनी आतून पाहिली, अशी माणसे आपल्यात आहेत. त्यांच्या अनुभवाचे आपण काय करतो?

प्रामाणिक उत्तर असे की, काहीच करीत नाही. हा वैद्य परत येतो, तालुक्याच्या गावी दवाखाना उघडतो आणि चार वर्षांत ते सारे विसरून जातो. पदव्युत्तर प्रवेशाच्या लेखी परीक्षेत कुटकीचा भात, अंबाडीची भाजी आणि मोहफुलांचा हंगाम यांविषयीच्या त्याच्या ज्ञानाला गुण नसतात.

वास्तविक आपल्या शास्त्राला हे ज्ञान परके नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानात आहारविधीची आठ विशेषायतने सांगितली, त्यांत देश, काल आणि उपयोक्ता आहेत. ओकसात्म्याचा विचार उपयोक्त्याच्याच ठायी येतो. कोणत्या कुटुंबाला काय सात्म्य झाले आहे, कोणत्या महिन्यात कोठीत काय उरते, हे ग्रंथ वाचून कळत नाही. तेथे राहावे लागते. ज्यांनी हे राहणे केले आहे, त्यांनाच आपण स्वस्थवृत्ताच्या उच्च शिक्षणापासून दूर ठेवतो, ही विसंगती आम्हांस बोचते.

म्हणून आमची सूचना अशी. संघटनेने प्रतिवर्षी दोन शिष्यवृत्ती सुरू कराव्यात. आदिवासी वा दुर्गम भागात सलग दोन वर्षे सेवा केलेल्या आणि स्वस्थवृत्तात किंवा मान्यताप्राप्त विद्यापीठात आहारशास्त्रात प्रवेश मिळविलेल्या वैद्यास त्या द्याव्यात. वयाची वा सेवेनंतरच्या काळाची अट नसावी. शिक्षणकाळात त्याने एखाद्या अंगणवाडीशी किंवा शहरातील गरीब वस्तीशी जोडून काम करावे व त्याचा वृत्तांत याच नियतकालिकात द्यावा.

निधीचा प्रश्न औषधनिर्माते व विक्रेते बंधूंकडे येतो. अधिवेशनातील मेजवान्या, पिशव्या आणि दिनदर्शिका यांवर आपण जो खर्च करता, त्याचा काही अंश येथे वळवावा. मात्र येथे आम्ही स्पष्ट बोलू इच्छितो. शिष्यवृत्तीला कोणत्याही उत्पादनाचे नाव नसावे, शिष्यवृत्तीधारकाने देणगीदाराची च्यवनप्राश वा पोषक कल्प पाड्यावर वाटू नयेत, आणि निवड समितीत देणगीदार नसावा. ही पथ्ये पाळली नाहीत तर भुकेल्या बालकाच्या नावाने आपण बाजारपेठ शोधतो आहोत असे लोक म्हणतील, आणि ते चुकीचे ठरणार नाही.

यावर एक आक्षेप येईल : सेवा ही निष्काम असावी, तिला बक्षीस कशाला? आक्षेप उदात्त आहे. पण तो घेणारे बहुधा स्वतः पाड्यावर गेलेले नसतात. तुटपुंज्या मानधनावर वर्षे घालविणाऱ्याच्या बरोबरीचे मित्र तोवर स्थिरावलेले असतात. त्याला शिकण्याची संधी देणे हे बक्षीस नव्हे. त्याच्याजवळ साठलेले ज्ञान शास्त्रात यावे म्हणून केलेली ती तरतूद आहे. अमेरिकन स्वयंसेवक दोन वर्षांत किती शिकतो व किती घडवतो, याविषयी मतभेद आहेत आणि असावेत. परतलेल्याला वाऱ्यावर सोडू नये, एवढे तरी त्या देशाला कळले.

आगामी वार्षिक सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, अशी आमची कार्यकारिणीस विनंती आहे. दोन शिष्यवृत्तींनी कुपोषण हटणार नाही, हे आम्ही जाणतो. पण आहाराला महाभैषज्य म्हणणाऱ्या शास्त्राचे आपण अनुयायी आहोत. त्या भैषज्याचा अभाव ज्यांनी डोळ्यांनी पाहिला, त्यांना आपल्या पाठशाळेत जागा देणे एवढे तरी आपल्या हाती आहे.