साठवलेल्या विजेचा हिशेब

सूर्य मावळतो आणि नेमकी तेव्हाच विजेची मागणी चढते. त्यावर उतारा म्हणून केंद्राने सप्टेंबर २०२३ मध्ये ४,००० मेगावॉट-तास साठवणुकीच्या बॅटऱ्यांसाठी ३,७६० कोटी रुपयांचे साहाय्य मंजूर केले. भांडवली खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंतचा हा भार जनतेचा. मग हिशेबही जनतेलाच मिळाला पाहिजे. बॅटरी वीज निर्माण करीत नाही. घेते त्याहून कमीच परत देते आणि वर्षागणिक क्षीण होते. सह्याद्रीतील घाटघरचा उदंचन प्रकल्प पाणी वर चढवून हेच काम करतो, आणि धरणाचे आयुष्य बॅटरीच्या कित्येक पट असते. बॅटऱ्या नकोत असे आमचे म्हणणे नाही. परंतु बहुतेक वीज बाहेरून विकत घेणाऱ्या गोव्याने असा करार करण्यापूर्वी साठवलेल्या युनिटाचा खरा दर लोकांपुढे ठेवावा.