अनवाणी धावण्याचं कौतुक पुरे!



दर दोन-चार महिन्यांनी कुणी ना कुणी मोबाइलवर लता करे यांचा फोटो पाठवतंच. २०१४ साली बारामतीत ज्येष्ठांच्या शर्यतीत साठी ओलांडलेली ही बाई नऊवारीत अनवाणी धावली आणि पहिली आली. फोटोखालचा मजकूर साधारण एकच असतो: जिद्द असली की झालं, बूट कशाला हवेत! पाठवणारा स्वतः मात्र कोपऱ्यावरून दूध आणायचं तरी चपला शोधत बसतो.

लताबाईंबद्दल मला नितांत आदर आहे. पण त्या काही हौसेने अनवाणी धावल्या नाहीत. नवऱ्याच्या आजारपणाला पैसे हवे होते, म्हणून बक्षिसासाठी धावल्या. त्या फोटोत त्यांची जिद्द दिसते, तशी आपल्या सगळ्यांची लाजही दिसते. आपण निम्माच फोटो बघतो.

दुसरं ठरलेलं उदाहरण अबेबे बिकिलाचं. इथिओपियाच्या या पठ्ठ्याने १९६० साली रोमची ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी जिंकली. बरोबर. पण का अनवाणी? तिथे मिळालेले बूट पायाला नीट बसेनात म्हणून! अनवाणी सराव होताच, त्याने बूट बाजूला ठेवले. चार वर्षांनी टोकियोत तोच बिकिला बूट घालून धावला आणि २ तास १२ मिनिटं ११ सेकंदांत, नव्या जागतिक उच्चांकासह पुन्हा जिंकला. म्हणजे या गोष्टीचं तात्पर्य 'बूट नकोत' हे नाहीच. न बसणाऱ्या बुटापेक्षा अनवाणी बरं, आणि नीट बसणारा बूट मिळाला तर फारच बरं, एवढंच.

आपल्यासारख्याच डोंगराळ आदिवासी भागातल्या, नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतचंही तसंच. सुरुवातीला ती अनवाणी धावली. पण २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचं कांस्यपदक मिळवलं ते बूट घालून. अनवाणी असणं हे तिच्या यशाचं कारण नव्हतं, तो तिच्या वाटेतला अडथळा होता.

गैरसमज नको. मातीच्या वाटेवर, ज्याच्या तळव्याला लहानपणापासून सवय आहे त्याने अनवाणी धावायला माझी मुळीच हरकत नाही. माझा राग आहे तो दारिद्र्याला गुण म्हणून खपवण्यावर.

हे आज लिहायचं कारण साधं आहे. नंदुरबार, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, कुठेही पहाटे डांबरी रस्त्यावर या. पोलीस भरतीची पोरं-पोरी धावताना दिसतील. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. मैदानी चाचणीच्या ५० गुणांतले २० गुण या एका धावेचे. घरातली पहिली सरकारी नोकरी त्या काही मिनिटांत हुकू शकते. आणि पायात काय? थोरल्या भावाचे बूट, पुढे कापडाचा बोळा कोंबलेला. नाहीतर आठवडे बाजारातून आणलेले, मुद्दाम एक नंबर मोठे. कारण आपल्याकडे बूट 'वाढत्या पायाचे' घ्यायची रीत! मोठ्या बुटात टाच घासते, फोड येतात, बूट धरून ठेवायला बोटं आखडतात. लहान बुटात अंगठ्याचं नख काळं पडतं. मग पोरगं दुखरा पाय सांभाळत वाकडंतिकडं धावतं, आणि आम्ही ओट्यावर बसून म्हणतो, हल्लीच्या पोरांत दम नाही!

सरकारचंही ऐका. जुलै २०२३ मध्ये सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोडी बूट आणि दोन जोडी पायमोजे द्यायचं ठरलं. हेतू चांगलाच. पण विद्यार्थ्यामागे तरतूद १७० रुपये! त्यात बूट किती टिकेल हे सांगायला गणिताचा मास्तर नको. निदान मापाला तरी पैसे पडत नाहीत. मुलाला कोऱ्या कागदावर उभं करून पेन्सिलीने पाय आखायला दोन मिनिटं लागतात. इयत्ता बघून नंबर ठरवणं हा पाय मोजण्याचा प्रकार नव्हे.

शिवाय नंबर तरी कुणाचा? चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशात ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले. आपले पाय युरोप-अमेरिकेतल्या पायांपेक्षा रुंद निघाले. आपण मात्र विलायती आकडे धरून बसलोय. चवडा दाबतो म्हणून मोठा नंबर घ्यायचा, मग बूट लांब होतो म्हणून नाड्या करकचून आवळायच्या. गरज रुंदीची, विकत घेतो लांबी!

आता पुण्या-मुंबईतले माझे भाचे-पुतणे. त्यांचं दुसरं टोक. धावायला सुरुवात व्हायच्या आधी दहा-बारा हजारांचे बूट घरात. दुकानात म्हणे यंत्रावर उभं करून तळव्याची कमान बघतात आणि त्यावरून बूट ठरवतात. अमेरिकेच्या लष्करात, हवाई दलात आणि मरीन दलात नव्या सैनिकांवर नेमकं हेच करून पाहिलं गेलं. २०१० च्या सुमारास निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कमान बघून बूट दिलेल्यांच्या आणि सरसकट एकाच प्रकारचे बूट दिलेल्यांच्या दुखापतींत म्हणण्यासारखा फरक नव्हता. तेव्हा किमतीच्या चिठ्ठीवर भुलू नका.

मग बघायचं काय? बूट संध्याकाळी घ्यावा, दिवसभरात पाय थोडा सुजतो. धावताना घालणार तेच पायमोजे घालून जावं. दोन्ही पाय उभ्याने मोजावेत, एक बहुधा मोठा असतो, त्याच्या मापाचा बूट घ्यावा. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे, मग ते अंगठ्याशेजारचं का असेना, अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. आतला तळवा काढून त्यावर उभं राहावं, पाय कडेने बाहेर आला तर बूट अरुंद. टाच उचलली जाता कामा नये. दुकानाबाहेर पन्नास पावलं पळून बघावं. दुकानदार रागावला तर रागावू दे. 'घालून घालून सैल होईल' असं तो म्हणाला तर सरळ दुसरं दुकान गाठावं. बूट पहिल्या दिवशीच बरा वाटला पाहिजे.

यातल्या एकाही गोष्टीला जास्तीचा रुपया लागत नाही. पैसे कमी असतील तर बूट स्वस्त घ्या, माप मात्र अंदाजपंचे नको.

आणि शहरातल्या नातलगांनो, एक स्पष्टच सांगतो. गावच्या पोरांसाठी जुने बूट पोत्यात भरून पाठवणं बंद करा. तो बूट तुमच्या पायाने वाकलेला, तुमच्या चालीने झिजलेला असतो. दुसऱ्याच्या पायाला तो कसा बसायचा? त्यापेक्षा सुट्टीत याल तेव्हा भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलीला किंवा मुलाला सोबत घेऊन दुकानात जा. बूट त्याला निवडू द्या, तुम्ही फक्त पैसे द्या.