अंथरूण पाहून पडदा

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा मेजावर संगणक असणे हीच नवलाई होती. आज सालेकसा-देवरीच्या जंगलपट्ट्यातही सातबारा, जातीचा दाखला, धानविक्रीची नोंदणी अशी कामे संगणकाच्या पडद्यावरून होतात. मात्र तो पडदा केवढा असावा, याचा विचार आपल्याकडे अभावानेच होतो. ‘परवडेल तेवढा मोठा’ हेच सूत्र धरले जाते. ते तपासून पाहावयास हवे.

मुळात पडद्याचे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरके मोजतात. त्यामुळे नुसता इंचाचा आकडा फसवा ठरतो. जुना १७ इंची चौकोनी पडदा सुमारे ३४ सेंटीमीटर रुंद व २७ सेंटीमीटर उंच असे. त्याच्या जागी आलेला साडेअठरा इंची रुंद पडदा ४१ सेंटीमीटर पसरतो, पण उंचीला जेमतेम २३ सेंटीमीटर भरतो. आकडा वाढला आणि उभा कागद वाचण्याची सोय मात्र घटली! चित्रपट पाहणाऱ्याला हा सौदा लाभाचा असेल. अर्ज भरणाऱ्याला नव्हे.

दुसरी बाब मेजाची. डोळे व पडदा यांत साधारण हातभर, म्हणजे ५० ते ७० सेंटीमीटर अंतर असावे. आपल्या बाजारातील स्वस्त संगणक-टेबल बहुधा दीड फूट खोल असते. त्यावर ६० सेंटीमीटर रुंदीचा २७ इंची पडदा मांडला, की तो थेट नाकासमोर येतो आणि दिवसभर मान डावी-उजवीकडे फिरवावी लागते. अशा मेजाला २२ इंच पुरेत. मेज दोन फूट वा अधिक खोल असेल, तर २४ इंची पडदा बहुतेक कामांस योग्य. त्याहून मोठा घ्यावयाचा, तर आधी मेज बदलावे.

तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची, आणि ती आपल्या लिपीची आहे. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा पडदा २४ इंचांत इंचामागे सुमारे ९२ ठिपके देतो. तेच ठिपके २७ इंचांत पसरले, की ८२ वर येतात. रोमन अक्षरे तेवढ्यावर निभावून नेतात. देवनागरीत मात्र शिरोरेषेच्या वर मात्रा, तिच्या शेजारी अनुस्वार आणि खाली उकार अशी दाटी असते. ‘टेंभरे’ हे आपल्या भागातील परिचित आडनाव घ्या. मात्रेला खेटलेला तो ठिपका धूसर पडद्यावर दिसला नाही, की ‘टेभरे’ होते. ‘रहांगडाले’चे ‘रहागडाले’ होते. कारकुनाच्या दृष्टीने ती एका ठिपक्याची चूक. धान विकावयास आलेल्या शेतकऱ्याला मात्र दोन कागदांवरील नावे जुळत नाहीत म्हणून पुन्हा हेलपाटा. म्हणूनच २७ इंची पडदा घेणाराने २५६० गुणिले १४४० ठिपक्यांचा घ्यावा; ते न परवडल्यास २४ इंचांवरच समाधान मानणे शहाणपणाचे. शिवाय अक्षरांचा आकार सव्वापट करण्याची सोय संगणकातच असते. तिला पैसा पडत नाही.

राहिली मांडणी. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत वा किंचित खाली असावी. द्विनाभी चष्मा असणाऱ्यांनी ती आणखी उतरवावी. खिडकी समोर वा पाठीमागे नव्हे, तर बाजूस असावी. विदर्भातील उन्हाची तिरीप उत्तम पडदाही निकामी करते.

तेव्हा खरेदीस निघण्यापूर्वी टेप घेऊन मेजाची खोली मोजावी आणि दुकानात इंग्रजी चित्रफितीऐवजी मराठीतील एखादा अर्ज उघडून पाहावा. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपण मुलांना शिकवितो. पडद्याच्या बाबतीतही मोठेपणापेक्षा मापच कामी येते.